रात्री अकराची गोळी

रात्री ११ वाजता वॉर्डातली नर्स रुग्णाला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देई. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ला आणि पुन्हा रात्री ११ला त्याचे थोडे रक्त काढले जाई. दोनपैकी एका नमुन्यात जरी कॉर्टिसॉल हे संप्रेरक दर १०० मिलिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघाले, तरी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ धरायची. रुग्णाला मेलॅन्कोलिया आहे, म्हणजे पहाटे झोप मोडणारे, भूक पळवणारे, सकाळच्या वेळी सगळ्यात जड वाटणारे ते खोल नैराश्य आहे, असा तिचा अर्थ. बर्नार्ड कॅरल या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञाने १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बर गावी, ही चाचणी घडवत आणली.

आज ती किरकोळ वाटेल, पण तेव्हा ती मोठी गोष्ट होती. मधुमेहाला साखर, काविळीला बिलिरुबिन, हृदयविकाराला ईसीजी; तसे मनाच्या आजाराला काय? सिफिलिसमुळे येणाऱ्या वेडेपणासाठी १९०६ पासून वासरमानची रक्तचाचणी होती खरी. पण तो आजार जंतूचा ठरला, पुढे पेनिसिलिनने बरा होऊ लागला आणि मानसोपचाराच्या हातून निघूनच गेला. जे उरले ते सगळे बोलण्यावरून आणि चेहऱ्यावरून ओळखायचे आजार. त्यांची ओळख किती डळमळीत होती, हे १९७०च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संयुक्त अभ्यासात उघड झाले. न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्यांना स्किझोफ्रेनिया म्हणत, त्यांच्यापैकी अनेकांना लंडनचे डॉक्टर उन्माद-नैराश्याचे रुग्ण म्हणत. रोग बदलला नव्हता, अटलांटिक महासागर मध्ये आला होता. अशा दिवसांत कुणी रक्तातला आकडा दाखवत असेल, तर त्याच्याभोवती गर्दी होणारच.

या गोळीमागचा हिशेब असा. ताण आला की मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना हुकूम देते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात ते पुरेसे झाले की मेंदूला तसे कळते आणि हुकूम थांबतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की फ्लोट वर येऊन नळ बंद करतो, तशी ही व्यवस्था आहे. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचेच कृत्रिम आणि कितीतरी जालीम भावंड. ते पोटात गेले की मेंदूला वाटते टाकी भरली, आणि निरोगी माणसात दुसऱ्या दिवशी दिवसभर कॉर्टिसॉल खाली राहते. अमेरिकेतल्या ग्रँट लिडल यांनी १९६० साली ही युक्ती कुशिंगच्या आजारासाठी वापरात आणली होती. त्या आजारात ग्रंथी बेलगाम होतात, चेहरा गोल होतो, पोट सुटते आणि पुष्कळ रुग्ण कमालीचे खिन्न होतात. खिन्नतेच्या या धाग्यावरून मेलबर्नमधल्या तरुण कॅरलना प्रश्न पडला: ग्रंथीत गाठ नाही, पण माणूस तसाच खिन्न आहे, तर त्याचा नळ बंद होतो का? गंभीर नैराश्याच्या अनेक रुग्णांत तो बंद होत नव्हता. १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे छापले.

त्या काळात या विषयाचा मोठा प्रवाह मात्र दुसरीकडे वाहत होता आणि त्याचा एक उगम मुंबईत होता. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग रुग्णांच्या आकड्यांसह मांडला. आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक असलेली ही मुळी त्या लेखामुळे पाश्चात्त्य हृदयतज्ज्ञांच्या टेबलावर पोहोचली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. रक्तदाब उतरू लागला, पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागल्याची नोंद १९५४ साली अमेरिकेत झाली. मग प्रयोगशाळेत दिसले की रिसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा करते. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरोग रुग्णालयात १९५२ साली इप्रोनायाझिड नावाच्या नव्या औषधाने रुग्ण चक्क खुशीत आले होते, आणि हे औषध त्याच जातीच्या रसायनांचा ऱ्हास थांबवत होते. एक औषध मन पाडते, दुसरे उचलते. या दोन अपघातांवर नैराश्याचा पुढच्या ३० वर्षांचा सिद्धांत उभा राहिला: मेंदूतली रसायने कमी पडतात. रक्त, पांढऱ्या पेशी, ताप, सूज यांना त्यात जागाच नव्हती. मला याचे नवल वाटते, कारण दोन्ही औषधे मुळात शरीराच्या आजारांची होती; एक रक्तदाबाचे आणि दुसरे क्षयाचे. तरी सगळ्यांची नजर मानेच्या वरच राहिली.

कॅरलचा मोठा शोधनिबंध १९८१ साली आला. ३६८ मनोरुग्ण आणि ७० निरोगी माणसे, मिळून ४३८ जणांच्या तपासण्या. मेलॅन्कोलियाच्या १०० रुग्णांतले ६७ चाचणीत सापडतात आणि तो आजार नसलेल्या १०० जणांपैकी ९६ जणांना चाचणी बरोबर वगळते, असे निष्कर्ष. आदल्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-३, नव्याने निघाली होती. लक्षणांच्या याद्या करून निदान पक्के करायचे, असा तिचा बाणा. यादी आली, आता प्रयोगशाळाही आली. दवाखान्यादवाखान्यांत चाचणी लिहून दिली जाऊ लागली.

ती कोसळली कशी, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुढे आलेल्या प्रत्येक रक्तचाचणीच्या वाटेवर हाच खड्डा आहे. कॅरलचे आकडे खोटे नव्हते. समजा, मोठ्या मनोरुग्णालयाच्या वॉर्डात १०० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना मेलॅन्कोलिया आहे. चाचणी ३३-३४ जणांना बरोबर पकडेल आणि उरलेल्या ५० मधल्या दोघांना चुकून पकडेल. उत्तम. आता तीच चाचणी साध्या ओपीडीत न्या. १,००० माणसे आली, त्यांत मेलॅन्कोलियाचे ५०. ते ३३-३४ जण सापडतील. पण बाकीच्या ९५० जणांतले ३८ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहून आलेल्यांत निम्म्याहून अधिक माणसांना तो आजारच नाही. चाचणी तीच, रक्त काढायची वेळ तीच, फक्त दाराबाहेरची रांग बदलली.

त्यात आणखी भर पडली. वजन झपाट्याने उतरले तरी चाचणी पॉझिटिव्ह येते. दारू सोडताना येते, स्मृतिभ्रंशात येते. फिट्सच्या काही गोळ्या डेक्सामेथासोन लवकर जिरवून टाकतात, मग गोळीचा परिणामच राहत नाही आणि चाचणी पॉझिटिव्ह. रुग्णालयात भरती होण्याच्या धसक्यानेही येते. १९८७ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या कार्यगटाने आढावा घेतला आणि नेहमीच्या निदानासाठी चाचणीचा उपयोग मर्यादित असल्याचे म्हटले. कॅरल यांना हे मान्य नव्हते. आपण मेलॅन्कोलियाची चाचणी दिली. डीएसएमने ‘मेजर डिप्रेशन’ नावाच्या एका भल्यामोठ्या पोत्यात नाना तऱ्हेचे नैराश्य भरले आणि मग पोत्यावर चाचणी चालत नाही म्हणून तिला दोष दिला, असा त्यांचा युक्तिवाद राहिला. माझ्या मते त्यांचे म्हणणे अर्ध्याहून अधिक बरोबर होते. पण वैद्यकात एकदा उतरलेली फॅशन पुन्हा चढत नाही.

हे सगळे चालले असताना दुसरा एक शोध, कुणाच्या फारसा लक्षात न येता, ऑस्ट्रेलियातच सुरू झाला होता. सिडनीत रॉजर बार्ट्रॉप आणि सहकाऱ्यांनी नुकताच जोडीदार गमावलेल्या २६ विधवा-विधुरांचे रक्त तपासले. एकदा साधारण २ आठवड्यांनी, एकदा ६ आठवड्यांनी. रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढून त्यांना चेतवणारे पदार्थ घातले की निरोगी पेशी भराभर वाढू लागतात. सहाव्या आठवड्यात दुःखातल्या माणसांच्या पेशी संथपणे वाढत होत्या. गंमत अशी की कॉर्टिसॉलमध्ये फरक नव्हता. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. ‘बायको गेली आणि वर्षभरात तोही गेला’ हे आपण अनेक घरांत ऐकलेले असते. त्याचा काही भाग परीक्षानळीत दिसावा, ही पहिलीच वेळ होती.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील स्टीव्हन श्लायफर आणि मार्विन स्टाइन यांनी हा प्रयोग आणखी कडक केला. स्तनांचा कर्करोग शेवटच्या अवस्थेत असलेल्या बायकांच्या १५ नवऱ्यांचे रक्त त्यांनी पत्नी हयात असताना घेतले आणि तिच्या मृत्यूनंतर पुन्हा घेतले. म्हणजे प्रत्येक जण स्वतःशीच ताडून पाहिला गेला. मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पेशींचा जोम घटला होता. १९८३ साली हा निबंध आला. त्याआधी, १९७५ साली, रॉचेस्टरमध्ये रॉबर्ट एडर आणि निकोलस कोहेन यांनी उंदरांना सॅकरीनच्या गोड पाण्याबरोबर प्रतिकारशक्ती दडपणारे औषध देऊन, पुढे नुसत्या गोड पाण्यानेही ती दबते असे दाखवले होते. मन आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध जोडणाऱ्या शास्त्राला सायकोन्यूरोइम्युनॉलॉजी असे लांबलचक नाव मिळाले.

तर १९८०च्या दशकातले चित्र सोपे होते: दुःखाने, नैराश्याने प्रतिकारशक्ती मंदावते. साप्ताहिकांना हे फार आवडले. ‘हसत राहा, निरोगी राहा’ छापाच्या लेखांचे पीक तेव्हापासूनचे. पण श्लायफर यांनीच १९८९ साली नैराश्याच्या ९१ रुग्णांचा अभ्यास छापला आणि त्यात सरसकट फरक दिसला नाही. वय, आजाराची तीव्रता, रुग्णालयात भरती असणे नसणे यांनुसार आकडे खालीवर होत होते. आपल्याच निष्कर्षाला असा चाप लावणारे संशोधक थोडे असतात, आणि त्यांचे दुसरे निबंध पहिल्याइतके कुणी वाचत नाही.

मग चित्र उलटेच झाले, आणि ते उलटवण्यात जनावरांच्या डॉक्टरांचा हात होता. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे पशुवैद्यक शिकवणारे बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली एक साधा प्रश्न विचारला. आजारी कुत्रा, घोडा, मेंढी सगळी सारखीच का दिसतात? तोंड फिरवतात, खात नाहीत, अंग चाटत नाहीत, कोपऱ्यात झोपून राहतात. शक्ती संपली म्हणून हे होते, असे सगळे समजत. हार्ट म्हणाले, ही शक्ती वाचवण्याची रीत आहे. ताप चढवायला ऊर्जा खूप लागते, मग बाकीचा खर्च बंद. तापाचा उपयोग असतो हे अ‍ॅन आर्बरमध्येच, कॅरल यांच्याच विद्यापीठात, मॅथ्यू क्लुगर यांनी १९७०च्या दशकात सरड्यांवर दाखवले होते. थंड रक्ताचे हे वाळवंटी सरडे जंतूंची लागण झाली की आपण होऊन उबदार जागी जातात. त्यांना थंड जागी डांबले तर जास्त मरतात. फ्रान्समधल्या बोर्डो येथील रॉबर्ट डांट्झर, हेही मूळचे पशुवैद्यच, यांनी पुढे दाखवले की या वागणुकीचा हुकूम सायटोकाइन देतात. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी जी प्रथिने सोडतात ती ही. जंतू नसला तरी नुसती ती टोचली की उंदीर कोपऱ्यात बसतो, इतरांशी खेळत नाही, एरवी आवडणारे गोड पाणीही सोडतो.

भूक नाही, झोपेचा घोटाळा, थकवा, कशात रस नाही, माणसांत मिसळावेसे वाटत नाही. ही यादी डीएसएममध्ये होतीच. १९९१ साली रोनाल्ड स्मिथ यांनी थेट मांडले की नैराश्याच्या मुळाशी मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींची अतिसक्रियता असावी. त्याच सुमारास बेल्जियमच्या अँटवर्पमधून मायकेल मेस यांचे निबंध एकामागून एक येऊ लागले: नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन वाढलेले, दाहाच्या वेळी यकृत जी प्रथिने सोडते तीही वाढलेली. दहा वर्षांपूर्वी जी प्रतिकारशक्ती झोपली होती, ती आता पेटलेली निघाली.

दोन्ही खरे कसे? प्रतिकारशक्ती हे एकच खाते नाही, हा उत्तराचा एक भाग. टी-पेशींची प्रशिक्षित फौज सुस्तावलेली आणि दाह करणारी जुनी, अडाणी शाखा चेकाळलेली, असे एकाच शरीरात होऊ शकते. पण मोठी पंचाईत कॉर्टिसॉलची होती. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली, तेव्हापासून या कुळातली संप्रेरके दाह विझवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग नैराश्याच्या रुग्णात कॉर्टिसॉलही जास्त आणि दाहही जास्त, हे कसे जमते? अमेरिकेतील एमरी विद्यापीठात अँड्र्यू मिलर आणि कार्मिने पारियान्ते यांनी १९९०च्या दशकाअखेर याचा छडा बराचसा लावला. दाहाची प्रथिने पेशीतल्या कॉर्टिसॉलच्या ग्राहीला (रिसेप्टरला) कामच करू देत नाहीत. कॉर्टिसॉल ओरडते, पेशी ऐकत नाही. आणि कॅरलच्या चाचणीत डेक्सामेथासोन देऊनही जे घडत नव्हते, ते याच बहिरेपणाचे एक रूप असावे. टाकून दिलेली चाचणी बरोबर जागी बोट ठेवत होती, पण तिला विचारलेला प्रश्न चुकला होता. ‘हा आजार आहे की नाही’ असे विचारण्याऐवजी ‘या माणसाच्या शरीरात काय बिघडले आहे’ असे विचारले असते, तर बहुधा २० वर्षे वाचली असती.

तोवरचा सगळा पुरावा सहवासाचा होता. दाह आणि नैराश्य एकत्र सापडतात, एवढेच. कोण कुणाच्या मागे लागले आहे, हे त्यावरून ठरत नाही. माणसाला मुद्दाम दाह घडवून नैराश्य येते का, हे पाहता आले तर? असा प्रयोग कोण करू देणार? पण तो नकळत चालूच होता, कर्करोग आणि काविळीच्या वॉर्डांत.

१९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधले, तेही सायटोकाइनच. १९८०च्या दशकात ते कारखान्यात बनू लागले आणि हेपटायटिस सी व काही कर्करोगांवर महिनोन्‌महिने टोचले जाऊ लागले. डॉक्टरांच्या लक्षात आले की हे रुग्ण नुसते तापाने फणफणत नाहीत, त्यांतले बरेच रडवेले होतात, काहींना जगणे नकोसे होते. आधी कधी मनाचा आजार नसलेली माणसेही त्यांत होती. औषध बंद केले की हळूहळू मळभ सरते. एमरीमधल्या डॉमिनिक मसलमन, मिलर आणि सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर अभ्यास २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे ४० रुग्ण. सगळ्यांना मोठ्या मात्रेचे इंटरफेरॉन सुरू होणार होते. त्याआधी दोन आठवडे निम्म्यांना पॅरोक्सेटीन हे नैराश्यविरोधी औषध सुरू केले, निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी. निरौषधी गटातल्या २० पैकी ९ जणांना नैराश्य आले. पॅरोक्सेटीनच्या गटातल्या, हिशेबात धरलेल्या १८ पैकी दोघांना. नैराश्य किंवा मेंदूवरच्या इतर परिणामांमुळे कर्करोगाचे औषधच सोडून द्यावे लागले असे पहिल्या गटात ७ जण, दुसऱ्यात एक.

या विषयाच्या इतिहासात यापेक्षा बोलका अभ्यास मला दुसरा माहीत नाही. बाहेरून टोचलेले एक प्रथिन जवळजवळ निम्म्या माणसांना खऱ्याखुऱ्या नैराश्यात ढकलते, आणि ‘मेंदूतल्या रसायनांचे’ म्हणवले जाणारे औषध ते अडवते. बोर्डोहून एमरीला आलेल्या ल्युसिल काप्युराँ यांनी त्याच रुग्णांची लक्षणे बारकाईने मांडली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. थकवा आणि भूक मरणे ही लक्षणे पहिल्या दोन आठवड्यांतच आणि बहुतेकांना आली. उदासी, चिंता, एकाग्रता जाणे ही पुढे, थोड्यांना. पॅरोक्सेटीनने दुसरी बरीच आवरली, पहिली फारशी नाही. ज्यांच्या गोळ्या लागू पडतात, मन सावरते, पण ‘अंगात त्राणच नाही हो डॉक्टर’ हे पालुपद काही सुटत नाही, असे रुग्ण प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाने पाहिलेले असतात.

जुन्या आणि नव्या सिद्धांतांना जोडणारा दुवाही इथेच सापडला. सेरोटोनिन बनते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून. दाह वाढला की शरीरातले एक विकर हे ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेने, कायन्युरेनिनकडे वळवते. इंटरफेरॉनवरच्या ज्या रुग्णांना नैराश्य आले, त्यांच्या रक्तातले ट्रिप्टोफॅन जास्त उतरले होते. अशी वाट बदलत असावी आणि कॉर्टिसॉल तिला कारण असावे, हे लेनिनग्राडच्या लापिन आणि ऑक्सेनक्रुग यांनी १९६९ सालीच सुचवून ठेवले होते. पश्चिमेत तेव्हा त्याला फारसे कुणी मनावर घेतले नाही.

पुढची दहा वर्षे मोजमापाची. त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा ठरला तो सीआरपी. १९३० साली रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या साथीत आपल्याकडे घरोघरी ते माहीत झाले. ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न तेव्हा मुंबई-पुण्यात तब्येतीच्या चौकशीच्या जागी बसला होता, आणि ज्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाइकांनी शहरे पालथी घातली, ते इंटरल्युकिन-६ची वाट अडवणारे औषध. नैराश्याच्या अभ्यासातली प्रथिने हीच, फक्त तिथे आकडा शंभरात जात नाही. तीन, चार, पाच, एवढीच मंद धग. २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्क्यांत सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर होता. बाकीच्यांत, म्हणजे दर चौघांतल्या सुमारे तिघांत, दाहाचा हा मागमूस नाही. ब्रिस्टलच्या परिसरात १९९०च्या दशकारंभी जन्मलेल्या मुलांचा जो प्रसिद्ध दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातून गोलाम खांदकर यांनी २०१४ साली दाखवले की वयाच्या ९व्या वर्षी इंटरल्युकिन-६ ज्यांचे वरच्या तिसऱ्या भागात होते, त्यांना १८व्या वर्षी नैराश्य असण्याची शक्यता खालच्या तिसऱ्या भागातल्या मुलांच्या सुमारे दीडपट होती. दाह आधी, खिन्नता नंतर. तरी दीडपट म्हणजे काही भविष्य नव्हे.

मग दाहच विझवला तर? चार्ल्स रेझन आणि मिलर यांनी २०१३ साली हा प्रयोग छापला. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवात आणि आतड्यांच्या विकारातले महागडे औषध, टीएनएफ हे दाहकारक प्रथिन बांधून ठेवणारे. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे नैराश्याचे ६० रुग्ण; ३० जणांना ते शिरेतून तीन वेळा, ३० जणांना नुसते सलाइन. १२ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सरासरी फरक शून्य. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संशोधकांनी सुरुवातीच्या सीआरपीप्रमाणे रुग्ण वेगळे करून पाहिले. सीआरपी ५च्या वर असलेल्यांत औषध मिळालेल्या १३ पैकी ८ जण निम्म्याहून अधिक सुधारले, सलाइनवाल्या ९ पैकी ३. आणि सीआरपी कमी असलेल्यांत सलाइनवाल्यांचीच प्रगती बरी होती. म्हणजे दाह नसलेल्याचा दाह विझवणे त्याला बाधतही असावे. १३ आणि ९, मिळून २२ माणसे. एका अख्ख्या विद्याशाखेची आशा इतक्या थोड्यांच्या खांद्यावर टाकणे मला धाडसाचे वाटते. पण त्यानंतर दाहविरोधी औषधांच्या चाचण्या आखणारे अनेक जण आधी सीआरपी मोजून रुग्ण निवडू लागले, हे याच २२ जणांमुळे.

रोजच्या गोळ्यांच्या निवडीतही या आकड्याने डोके वर काढले. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासातून रुडॉल्फ उहेर यांनी २०१४ साली मांडले की सीआरपी १च्या खाली असलेल्यांना एस्सिटॅलोप्राम बरे लागू पडले, वर असलेल्यांना जुने नॉरट्रिप्टिलिन. हे पक्के ठरले तर ‘ही गोळी सहा आठवडे घेऊन बघू, नाही तर बदलू’ या आजच्या पद्धतीत थोडा फरक पडेल.

आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. सीआरपी वाढायला नैराश्यच लागते असे नाही. किडका दात, तंबाखू, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे पोटावरची चरबी, कारण चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्युकिन-६ सोडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटोच छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून किती चरबी बाळगतो, याचे ते जिवंत कोष्टक होते. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा सीआरपी जास्त असतो, हेही तिथल्या मोजमापात आढळले होते. तेव्हा ३ किंवा ५ मिलिग्रॅमची युरोपात-अमेरिकेत ओढलेली रेघ पुण्या-नागपुरातल्या माणसावर ओढताना ती नेमके काय मोजते आहे, हे आधी ठरवावे लागेल. रांग बदलली की चाचणीचा अर्थ बदलतो, हे कॅरलच्या चाचणीने एकदा दाखवून दिलेले आहेच.

आज नैराश्याचा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला तर त्यालाही रक्ताची चिठ्ठी मिळते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, ब-१२. शाकाहारी घरांत हे शेवटचे हमखास. थायरॉइड मंदावले किंवा ब-१२ आटले तरी माणूस थकतो, विसरतो, खिन्न होतो, म्हणून ही कारणे आधी बाजूला काढायची असतात. नैराश्य आहे की नाही हे डॉक्टर अजूनही समोर बसलेल्या माणसाला विचारूनच ठरवतात: झोप कशी आहे, जेवण जाते का, सकाळी उठल्यावर कसे वाटते.